एक आयकॉन, सोळा रस्ते: डॅश टू डॉक दोन वर्षं दुकानात वापरून

माझं दुकान लातुरात, औसा रोडच्या आतल्या गल्लीत. बोर्डावर झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळं लिहिलंय, पण जून उजाडला की फॉर्मशिवाय दुसरं काही होत नाही. ट्यूशनवाली पोरं, त्यांचे बाप आणि बापांच्या कापडी पिशवीतली कागदं. काउंटरच्या आतल्या बाजूला माझा मॉनिटर, साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा. एवढ्याशा जागेत कुठल्याही वेळी दहा-बारा विंडो उघड्या असतात: ब्राउझरच्या तीन-चार, प्रतिज्ञापत्रांच्या लिबरऑफिस रायटरमध्ये चार-पाच, एखादं पीडीएफ, फोटो बारीक करायला गिंप, आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हचं फोल्डर. दिवसभर बोटांचं काम एकच, या विंडोतून त्या विंडोत. ज्यांचं सगळं आयुष्य एका ब्राउझरच्या एका विंडोत चालतं त्यांना पुढचं वाचून हसू येईल. येऊ द्या.

ज्याच्याबद्दल लिहितोय ते फुकट आहे. डॅश टू डॉक, ग्नोम डेस्कटॉपचं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा. ग्नोम म्हणजे लिनक्सच्या मशीनवर समोर दिसणारा डेस्कटॉप. ग्नोममध्ये आयकॉनची पट्टी असते, पण एरवी ती दिसत नाही. सुपर बटण (कीबोर्डवरचं विंडोजच्या खुणेचं) दाबून अ‍ॅक्टिव्हिटीजमध्ये गेलं की दर्शन देते. हे एक्स्टेन्शन ती पट्टी तिथून उचलून स्क्रीनच्या कडेला बसवतं. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरणाऱ्यांच्या डावीकडं जी पट्टी असते ती याच घराण्यातली. २०१७ च्या ऑक्टोबरात उबुंटूनं आपला युनिटी डेस्कटॉप सोडून ग्नोम घेतलं, तेव्हा डॅश टू डॉकवरूनच स्वतःची पट्टी करून घेतली. म्हणजे उबुंटू वापरत असाल तर इथलं बरंचसं तुमच्याही मशीनमध्ये दडलेलं आहे. सेटिंगच्या साध्या पानावर ते दिसत नाही एवढंच. डीकॉन्फ एडिटर, म्हणजे लपलेली सेटिंगं दाखवणारा प्रोग्राम, टाकून बघा.

पट्टी दिसायला कशी, रंग किती पारदर्शक, कोपरे किती गोल, यात मला रस नाही. मला एकच प्रश्न आहे: आयकॉनवर क्लिक केलं तर काय व्हावं?

प्रोग्राम बंद असेल तर तो उघडावा. एक विंडो उघडी असेल तर ती समोर यावी. इथपर्यंत भांडण नाही. पण त्या एका आयकॉनमागं पाच विंडो असतील तर? आमच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. कुणी सोन्याच्या दुकानांकडं जातो, कुणी चपलांच्या, कुणी मिरचीच्या, कुणी गुळाच्या. तुम्ही रिक्षावाल्याला नुसतं "गोलाई" म्हणालात तर तो गोलाईत नेऊन सोडेल. पुढं कुठल्या रस्त्याला, हे त्यानं विचारायचं की स्वतःच ठरवून कुठंतरी नेऊन उतरवायचं? आयकॉनचा सगळा घोळ हाच आहे.

आणि हा घोळ मला कळला तो पुस्तकातून नाही.

तेव्हा माझ्याकडं दुसरी पट्टी होती. नाव घेत नाही, कारण निम्मा दोष माझ्या हाताचा होता. शेवटच्या तारखेची रात्र, दोन बाप, दोन मुली, फॉर्म एकाच साइटवर. एकाच ब्राउझरमध्ये दोन लॉगिन टिकत नाहीत, म्हणून एक मुलगी साध्या विंडोत, दुसरी प्रायव्हेट विंडोत. पट्टीवर दोघींचा आयकॉन एकच. पानं तंतोतंत सारखी, फक्त वर बारीक अक्षरात नाव वेगळं. मी गिंपमध्ये एकीची सही कापली, बारीक केली, ब्राउझरच्या आयकॉनवर क्लिक केलं. जी विंडो आली तिच्यात सही चढवली. पुढचा फोटो कापला, पुन्हा क्लिक, पुन्हा जी आली तिच्यात. शेवटी पैसे भरायच्या आधी प्रिव्ह्यूचं पान वळवून दाखवलं, तर त्यातला एक बाप, चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "मालक, ही सही आमच्या पोरीची न्हाई ओ."

तो माणूस मला वाचवून गेला. त्या पट्टीचा नियम काय होता ते मी नंतर बसून शोधलं: क्लिक केलं की ती शेवटची वापरलेली विंडो आणायची, आणि तीच आधीपासून समोर असेल तर पुढची. म्हणजे एकाच क्लिकचे दोन अर्थ, आणि कुठला लागू होणार ते त्या क्षणी समोर काय आहे त्यावर. मी ज्या क्षणी थकलेलो होतो त्या क्षणी समोर काय आहे हेच मला आठवत नव्हतं.

त्यानंतर पट्ट्या पालथ्या घातल्या. दोन महिने मी रात्री दुकान बंद केल्यावर हाच उद्योग करत होतो, बायकोला वाटलं माझं डोकं फिरलंय.

मॅकची पट्टी मी एका ओळखीच्या फोटोग्राफरकडं पाहिली. तिथं विचार असा की आयकॉन हा प्रोग्रामचा, विंडोचा नव्हे. क्लिक केलं की त्या प्रोग्रामच्या सगळ्या विंडो एकदम वर येतात. शेवटची विंडो बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो, खाली ठिपका तेवत असतो. मॅकचा हाच जुना रिवाज. मिनिमाइझ केलेली विंडो पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते, रेघेच्या पलीकडं. नको असेल तर ती आयकॉनमध्येच विरघळेल असं सेटिंग आहे. त्या फोटोग्राफरला हे फार सोयीचं, कारण त्याच्याकडं एका वेळी एकाच लग्नाचं काम उघडं असतं. सगळ्या विंडो वर आल्या तर त्या सगळ्या त्याच लग्नाच्या. माझ्याकडं पाच विंडो म्हणजे पाच घरं.

विंडोजची गोष्ट उलटी. मी एमएस-सीआयटी केली ती विंडोज ९८ वर, तिथं खालच्या पट्टीवर प्रत्येक विंडोचं स्वतंत्र बटण आणि त्यावर नाव. १९९५ च्या विंडोजपासून तसंच होतं. गोलाईत विचारायची गरजच नाही, सोळाही रस्त्यांवर पाट्या. एक्सपीत गर्दी झाली की एकाच प्रोग्रामची बटणं एकात गोळा व्हायला लागली. मग २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि नावं गेली, नुसते आयकॉन उरले. वर माउस नेला की बारकी चित्रं. ज्यांना नावं हवी होती त्यांना सेटिंगमध्ये ती परत मिळायची. २०२१ च्या विंडोज ११ नं तीही सोय काढून टाकली, आणि लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०२३ मध्ये परत द्यावी लागली. मला यात बरं वाटलं. नावाची पाटी ही म्हाताऱ्यांची सवय असेल असं मला वाटायचं, पण ती गरज निघाली.

मग मीही नावांचीच पट्टी का घेतली नाही? जागेमुळं. १३६६ रुंदीच्या पट्टीवर बारा नावं लिहिली तर प्रत्येकाला सात-आठ अक्षरं मिळतात, आणि माझ्या सगळ्या फायलींची पहिली अक्षरं एकच: "प्रतिज्ञा…", "प्रतिज्ञा…", "प्रतिज्ञा…". शिवाय उंची ७६८. खाली पट्टी टाकली की फॉर्मचं पान अजून बुटकं होतं. म्हणून पट्टी डावीकडं, उभी. डावीकडं ठेवायचा एक फायदा असाही की हात नेम न धरता फेकता येतो. माउस कडेला जाऊन थडकतो, पुढं पळत नाही. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हिशेब मांडला होता की लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका हात लवकर पोचतो. स्क्रीनची कड म्हणजे त्या हिशेबात जवळपास न संपणारं लक्ष्य.

तर डॅश टू डॉक. टाकलं की त्याचं मूळचं सेटिंग असतं "सायकल थ्रू विंडोज": आयकॉनवर क्लिक करत राहा, एकेक विंडो पुढं येत राहील. ऐकायला छान. माझी भाची दुपारी दुकानात बसते, बी.एस्सी.ला आहे, तिला ते पहिल्याच दिवशी जमलं. मला जमेना. रायटरमध्ये तीन प्रतिज्ञापत्रं उघडी, मी क्लिक करतोय, पहिलं येतंय, दुसरं येतंय, पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं. तिसरं नाहीच. मी म्हटलं विंडो बंद झाली असेल. ती उठून आली, माउस घेतला, टक टक टक, तिसरं हजर.

"काय करायलाव मामा तुम्ही?"

"तू जे केलंस तेच."

माउस बदलला. खुर्चीसुद्धा बदलली, खरंच. शेवटी तिनं माझा हात बघितला आणि म्हणाली, "तुम्ही मधी थांबायलाव." थांबणारच. विंडो आली की मी वाचतो कुणाची आहे ते, गिऱ्हाइकाकडं बघतो, मग पुढचा क्लिक. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघितलं. तीन सेकंदांच्या आत पुढचा क्लिक केला तर क्रम टिकतो, तिसरी विंडो येते. तीन सेकंद उलटले की पट्टी क्रम विसरते आणि विंडो पुन्हा नव्यानं मांडते: आत्ता बघितलेली पहिली, त्याच्या आधीची दुसरी. आता क्लिक केलं की दुसरी येते, म्हणजे आधीचीच. पुन्हा थांबलात, पुन्हा तेच. सावकाश माणूस जन्मभर दोनच विंडोंत झोके घेत राहणार, तिसरीचं तोंड त्याला कधी दिसणार नाही.

याचा कोड उघडा आहे, कुणीही वाचू शकतं. भाचीनं शोधून दाखवला, तिथं खरंच ३००० असा आकडा आहे, मिलिसेकंद. आणि विचार केला तर त्यात मूर्खपणा काहीच नाही. विंडोंचा क्रम "शेवटी कुठली वापरली" यावर असतो, आणि प्रत्येक क्लिकनं तो क्रम बदलतो. म्हणून करणाऱ्यानं थोडा वेळ जुना क्रम धरून ठेवलाय. नाहीतर भाचीलाही तिसरी विंडो मिळाली नसती. कीबोर्डवर ऑल्ट-टॅबनं विंडो बदलताना हा प्रश्न येत नाही कारण तिथं ऑल्ट दाबून धरलेलं असतं. बोट सुटलं की फेरी संपली, हे मशीनला कळतं. माउसच्या क्लिकला असं दाबून धरलेलं काही नाही. म्हणून घड्याळ. आणि घड्याळ आलं की माणसाच्या वेगाचा प्रश्न आला. पंचविशीतल्या बोटांना तीन सेकंद म्हणजे दुपारची झोप, माझ्यासारख्याला एक नाव वाचायला पुरत नाहीत.

क्लिकनं फेरी मारण्यात अजून एक खोट आहे. क्लिकला दिशा एकच. चुकून एक विंडो पुढं गेलात तर पुन्हा सगळा वेढा. गोलाईत रिक्षावाला वळण चुकला तर तोही पुन्हा फेरी मारतो म्हणा, पण त्याच्याकडं निदान कारण असतं, एकेरी वाहतूक. यावर डॅश टू डॉकमध्ये उपाय आहे आणि तो मला फार आवडला: फेरीचं काम माउसच्या चाकाला देता येतं. आयकॉनवर माउस ठेवून चाक खाली फिरवलं की पुढची, वर फिरवलं की मागची. फेरी मारायची तर चाकानंच मारावी, ते गोल आहे आणि दोन्हीकडं फिरतं.

क्लिक मग मोकळा झाला. त्याला काय काम द्यायचं याची सेटिंगमध्ये भलीमोठी यादी आहे. नुसती विंडो वर आणा, मिनिमाइझ करा, नवी उघडा, फेरी मारा, चित्रं दाखवा, आणि यांची आपसात लग्नं लावून झालेली चार-पाच. यादी वाचून पहिल्यांदा डोकं धरलं मी. पण सगळ्यात लांब नावाचा जो पर्याय आहे, "फोकस, मिनिमाइझ ऑर शो प्रिव्ह्यूज", तो माझ्या डोक्यातल्या नियमाच्या सगळ्यात जवळ निघाला. दुसऱ्या प्रोग्राममधून आलात तर विंडो समोर येते. प्रोग्राम आधीच समोर आहे आणि विंडो एकच, तर ती खाली जाते; पुन्हा क्लिक, पुन्हा वर. आणि समोर असून विंडो अनेक असतील तर पट्टी गप्प राहून चित्रांची यादी पुढं करते: सांगा, कुठली? एकच विंडो असताना माझा क्लिक हुकूम असतो. पाच असताना तोच क्लिक प्रश्न असतो, आणि प्रश्नाला अंदाजानं उत्तर द्यायचं नसतं.

तरी पहिला क्लिक, दुसऱ्या प्रोग्राममधून येतानाचा, अजूनही अंदाजच करतो. त्या रात्रीची सहीची चूक या सेटिंगमध्येही होऊ शकते. त्याला मी वेगळा इलाज केलाय, पुढं सांगतो.

आधी चित्रांबद्दल. ज्यानं ही बारकी चित्रं शोधून काढली त्याच्या विंडोत बहुतेक फोटो असावेत. गिंपमधले पाच पासपोर्ट फोटो उघडे असताना चित्रं बघून लगेच कळतं, लाल टिकलीवाली ती, कॉलरवाला तो. पण प्रतिज्ञापत्रांची चित्रं बघा: पांढरा कागद, त्यावर मुंग्यांच्या रांगा. पाच कागद, पाच वारुळं. उत्पन्नाच्या दाखल्याचं आणि रहिवासीचं सुद्धा तसंच. चित्राखाली फायलीचं नाव असतं, ते चित्राच्या रुंदीइतकंच मावतं, आणि पुन्हा तेच, "प्रतिज्ञा…". मग भाचीनं फायलींची नावं उलटी केली. आधी आडनाव, मग गाव, मग कागद. इतकी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. आता सेटिंगमध्ये उजव्या क्लिकची चित्रं बंद केलीत. उजवा क्लिक केला की विंडोंच्या नावांची साधी यादी येते. कागदांसाठी उजवा क्लिक, फोटोंसाठी डावा. केडीईच्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये, डाव्या क्लिकलाच अशी नावांची यादी लावता येते म्हणे नव्हे, लावता येतेच, मी एका मशीनवर लावून पाहिली. तेवढ्या एका बाबतीत प्लाझ्मा पुढं आहे.

चित्रांचा अजून एक त्रास आहे जो घरी बसून वापरणाऱ्याला कधी कळणार नाही. काउंटरच्या पलीकडं माणूस उभा असतो आणि तो मान वाकडी करून बघत असतो. मी त्याच्या मुलाची विंडो शोधायला आयकॉन दाबला की त्याच्या आधीच्या चार गिऱ्हाइकांचे आधार, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं अशी चित्रांची माळ त्याच्या डोळ्यांसमोर उघडते. "हे तर आमच्या शेजाऱ्याचं हाय की," असं एकदा ऐकून घेतलंय.

त्यावरचा इलाज, आणि मघाच्या सहीचाही, एकच: "आयसोलेट वर्कस्पेसेस". ग्नोममध्ये वर्कस्पेस म्हणजे एकामागं एक मांडलेली रिकामी टेबलं. शेवटी नेहमी एक कोरं टेबल शिल्लक असतं. मी एका गिऱ्हाइकाला एक टेबल देतो. हे सेटिंग चालू केलं की पट्टी फक्त समोरच्या टेबलावरच्या विंडो मोजते. त्या मुलीच्या टेबलावर ब्राउझरचा आयकॉन दाबला तर तिचीच विंडो येणार. दुसरीची विंडो पट्टीला माहीतच नाही. नव्या टेबलावर ब्राउझर दाबला तर जुन्याकडं उडी न मारता नवी विंडो उघडते. हे नसतं तर वर्कस्पेसचा काही उपयोग नव्हता, कारण आयकॉन दाबला की मशीन आपल्याला उचलून तिसऱ्याच टेबलावर नेऊन टाकतं. सेटिंग चालू केल्यापासून एका टेबलावर एका प्रोग्रामच्या दोनाच्या वर विंडो क्वचितच असतात. पाच विंडोंचा प्रश्न मी सोडवला तो असा, पाच होऊच द्यायच्या नाहीत.

हे जमायला मात्र शिस्त लागते. गडबडीत दोन बाप एकाच टेबलावर बसतातच.

ठिपक्यांबद्दल तक्रार आहे. आयकॉनच्या कडेला ठिपके असतात, जितक्या विंडो तितके ठिपके. पण ते चारवर थांबतात. चार विंडो असल्या तरी चार ठिपके, चौदा असल्या तरी चारच. करणाऱ्याचं म्हणणं असेल की आयकॉनच्या उंचीत त्याहून जास्त मावत नाहीत. मग आकडा लिहा ना. टपालाच्या प्रोग्रामवर न वाचलेल्या पत्रांचा आकडा दाखवता येतो, तर विंडोंचा का नाही? मला संध्याकाळी दुकान बंद करताना कुठलं काम उघडं राहिलं हे आयकॉनवरूनच कळायला हवं. एकदा चार ठिपके बघून चारच विंडो बंद केल्या होत्या.

पेनड्राइव्ह. हे अनपेक्षित सुख. पेनड्राइव्ह लावला की पट्टीवर त्याचा स्वतःचा आयकॉन येतो, आणि त्याचं फोल्डर उघडलं तर ती विंडो फाइल्सच्या आयकॉनखाली न जाता पेनड्राइव्हच्या आयकॉनखाली जाते, असं एक सेटिंग आहे. माझी सगळी फोल्डरं एकीकडं, गिऱ्हाइकाचं फोल्डर त्याच्या आयकॉनवर. काम झालं की उजवा क्लिक, इजेक्ट, आयकॉन गायब. विंडो कुणाची, हे ठरवताना प्रोग्रामपेक्षा मालक महत्त्वाचा असतो, हे इथं कुणाला तरी कळलंय. बाकी पट्टीला पण कळलं असतं तर बरं झालं असतं.

उलट जावा या भाषेत लिहिलेला एखादा जुना प्रोग्राम उघडा, पट्टी गोंधळते. तुम्ही चिकटवलेला आयकॉन तसाच मेल्यासारखा राहतो आणि खाली दुसराच, ओळखपाळख नसलेला आयकॉन उगवतो. कारण पट्टी विंडोला नाव विचारते आणि ते नाव प्रोग्रामच्या डेस्कटॉप फायलीशी (प्रोग्रामचं नाव आणि आयकॉन सांगणारी बारकी फाइल) जुळवते. विंडोनं भलतंच नाव सांगितलं तर जुळत नाही. डेस्कटॉप फायलीत "स्टार्टअप डब्ल्यूएम क्लास" ही एक ओळ बरोबर लिहिली की दोघांची गाठ पडते. दहा मिनिटांचं काम, पण सांगितल्याशिवाय कुणाला सुचणार नाही.

सुपर बटण आणि आकडा, म्हणजे सुपर-१ ब्राउझर, सुपर-२ रायटर, हे चांगलं चालतं. मी वापरतो.

अडचण एकच मोठी: ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शनला तिच्यामागं धावावं लागतं. २०२३ च्या सप्टेंबरातल्या ग्नोम ४५ मध्ये तर एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली, जुनं एकही जसंच्या तसं चाललं नाही. दुकानदारानं या शर्यतीत पडू नये. दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी, हंगामात अपडेटला हात लावू नये, आणि जे करायचं ते दिवाळीच्या सुट्टीत.

गुण द्यायचे तर दहापैकी आठ. एक ठिपक्यांसाठी कापला, एक मूळच्या सेटिंगसाठी, कारण ते वेगवान बोटांसाठी लावून ठेवलंय आणि बदलायचं कुठं हे नवख्याला सापडत नाही.

दुकानात आता दोन मशीन आहेत. भाचीच्या मशीनवर अजून मूळचं सेटिंग आहे, तिला तिची टक टक टक हवी. माझ्यावर लांब नावाचं. ती माझ्या खुर्चीत बसली की पहिले दोन क्लिक वाया जातात आणि ती मला ऐकू येईल असं पुटपुटते; मी तिच्या खुर्चीत बसलो की पुन्हा दोन विंडोंत झोके. मागच्या आठवड्यात तिनं माझ्या मॉनिटरच्या कडेला स्टिकरची चिठ्ठी चिकटवली, लॅमिनेशन करून. त्यावर लिहिलंय, "मामाचा क्लिक. विचारून मगच आणतो."